गाडीवरचा पाव आणि आपले घावन

मेलबर्न शहराच्या नैर्ऋत्येस, वीस-बावीस किलोमीटरवर, पोर्ट फिलिप उपसागराच्या काठी पॉइंट कुक नावाचे उपनगर आहे. आमच्या वाचकांपैकी ज्यांची मुले, सुना, भाचरे तिकडे गेली आहेत त्यांना हे नाव आता पाठ झाले असेल. नाव ऐकून पुष्कळांना कॅप्टन जेम्स कुकची आठवण होते, परंतु त्या कुकचा येथे काही संबंध नाही. १८३६ साली ‘रॅटलस्नेक’ या ब्रिटिश जहाजावर कुक नावाचा एक अधिकारी होता, त्याचे नाव या भूशिराला देण्यात आले. पुढे तेथे मेंढरांची कुरणे झाली, १९१४ साली लष्करी विमाने उडू लागली, आणि गेल्या पंचवीस वर्षांत घरेच घरे उभी राहिली. २००६ च्या जनगणनेत तेथे सुमारे चौदा हजार माणसे होती. २०२१ च्या जनगणनेत ती सहासष्ट हजारांवर गेली. त्यांत भारतीय वंशाची कुटुंबे इतकी आहेत की, आपण ज्याला कारीपुले म्हणतो तो कढीलिंब शोधण्यासाठी तेथे कोणाला वणवण करावी लागत नाही.

परंतु आज आम्ही लिहिणार आहोत ते भारतीय दुकानांविषयी नाही. व्हिएतनामी खाण्याच्या गाडीविषयी लिहिणार आहोत. अग्रलेखाचा हा विषय आहे काय, असे कोणी विचारील. पोटाचा विषय अग्रलेखात येऊ नये असा नियम आमच्या तरी पाहण्यात नाही. आणि या गाडीच्या खिडकीपाशी उभे राहिले असता आपल्या बेटावरच्या मराठी घरांविषयी काही गोष्टी ध्यानात येतात, त्या सांगितल्याच पाहिजेत असे आम्हांस वाटते.

प्रथम गाडी म्हणजे काय ते सांगू. आपल्याकडे मोटारसायकलच्या मागे काचेची पेटी बांधून डाळपुरी विकणारा असतो, तशी ही लहान गोष्ट नव्हे. एक मोठी व्हॅन, तिच्या एका अंगाला खिडकी कापलेली, वर उचलून धरलेले झाकण, आत शेगडी, तवा, शीतपेटी, हात धुण्याचे भांडे व नळ. मेलबर्नमध्ये अशा गाड्यांचे वेड २००९ च्या सुमारास सुरू झाले. व्हिक्टोरिया राज्यात १९८४ चा अन्न कायदा आहे. त्याप्रमाणे गाडीवाल्याला नगर परिषदेकडे नोंदणी करावी लागते, आणि दुसऱ्या परिषदेच्या हद्दीत गाडी उभी करावयाची तर तेथे आधी कळवावे लागते. गार पदार्थ पाच अंशांच्या आत, गरम पदार्थ साठ अंशांच्या वर, असा दंडक आहे. तपासनीस येऊन पाहून जातो. हे सर्व सांभाळून संध्याकाळी ही गाडी एखाद्या मैदानाच्या कडेला किंवा दुकानांच्या वाहनतळावर येते, दिवे लागतात, आणि पंधरा मिनिटांत रांग लागते.

गेल्या डिसेंबरात आम्हांस काही दिवस पॉइंट कुकला राहण्याचा योग आला. तिकडचा डिसेंबर आपल्यासारखाच उन्हाळ्याचा, फक्त समुद्रावरचा वारा अकस्मात फिरतो आणि तासाभरात अंगावर स्वेटर घ्यावा लागतो. अशाच एका संध्याकाळी आम्ही गाडीपुढच्या रांगेत उभे राहिलो. खिडकीत वीस-बावीस वर्षांची मुलगी होती. गिऱ्हाइकाशी ती अस्सल ऑस्ट्रेलियन उच्चारात बोलत होती आणि मान वळवून मागे तव्यापाशी उभ्या असलेल्या आईला व्हिएतनामीत सांगत होती. आमच्यापुढे कुत्र्याची साखळी हाताला गुंडाळलेला एक वयस्क गोरा गृहस्थ होता. त्याने काय मागितले? ‘बान मी’ मागितले. कोथिंबीर जास्त घाल, मिरची घाल, असे सांगितले. त्याला तो शब्द कोणी शिकवीत नव्हते. जसा आपण ‘दिपें’ म्हणतो तसा तो सहज बोलून गेला. गाडीचे नाव आम्ही येथे देत नाही. जाहिरात करणे हे या पानाचे काम नव्हे. परंतु त्या गृहस्थाच्या तोंडचा तो एक शब्द आम्ही बरोबर घेऊन आलो आहोत.

आता खाण्याविषयी. बान मी म्हणजे लांबट पाव. कवच पातळ, इतके कुरकुरीत की चावताच कपड्यांवर चुरा सांडतो. आतून हलका, जवळजवळ पोकळ. तो उभा चिरून त्यात लोणी किंवा अंड्याची चटणी लावतात, मग गवती चहा लावून भाजलेली कोंबडी किंवा डुकराचे मांस, काकडीच्या लांब फोडी, भरपूर कोथिंबीर, लाल मिरची, आणि साखर-शिरक्यात मुरविलेले गाजर व पांढरा मुळा. हे शेवटचे तर आपल्या ‘आशार’चे सख्खे भावंड. आपल्याकडे त्यात मोहरी-हळद असते, त्यांच्याकडे नसते. पहिल्या घासाला पाव लागतो, दुसऱ्याला आंबटगोड, तिसऱ्याला मिरची. चौथ्या घासाला माणूस बोलावयाचे थांबतो. उभ्याउभ्या खावे लागते, रस कोपरापर्यंत ओघळतो, आणि तरीही शेजारच्या बाकावर जागा रिकामी झाली तरी कोणी बसावयास जात नाही.

मॉरिशसच्या माणसाला या पावाची ओळख करून देण्याची गरज नाही. आपल्या बेटावर १७१५ पासून १८१० पर्यंत फ्रेंचांचे राज्य होते. ते गेले, इंग्रज आले, इंग्रजही १९६८ साली गेले, परंतु सकाळचा पाव राहिला. आजही सरकार त्याचा भाव बांधून देते, आणि त्यात गरम गातो-पिमा घालून खाल्ल्याशिवाय कित्येकांचा दिवस सुरू होत नाही. व्हिएतनाममध्येही पाव फ्रेंचांनीच नेला. १८५९ साली त्यांनी सायगाव घेतले, आणि पुढे सत्ता पसरली तशी पावाची भट्टीही पसरली. आरंभी तो साहेबाचा पाव होता, लोणी आणि थंड मांस यांबरोबर ताटात खावयाचा. १९५४ मध्ये फ्रेंचांचा पराभव होऊन देशाची फाळणी झाली, उत्तरेकडून लाखो माणसे दक्षिणेस आली. त्यांतल्या काहींनी सायगावात पाव चिरून त्यातच सर्व भरून हातात देण्यास सुरुवात केली. १९५८ साली निघालेले ‘होआ मा’ हे दुकान या बाबतीत प्रसिद्ध आहे. मजुराला, विद्यार्थ्याला, कचेरीत जाणाऱ्याला ताटाशी बसण्यास वेळ नसतो. साहेबाचा पाव अशा रीतीने रस्त्यावर आला आणि त्यांचा झाला.

मुंबईत हीच गोष्ट दुसऱ्या तऱ्हेने घडली. पाव पोर्तुगीजांचा, बटाटाही त्यांच्याचबरोबर समुद्रापलीकडून आलेला. १९६६ च्या सुमारास दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांनी बटाटेवडा पावात घालून विकण्यास सुरुवात केली असे सांगतात. आज वडापावाला परका म्हणण्याची कोणाची छाती आहे? आपल्या पूर्वजांनी मुंबई बंदर सोडले त्याला तेव्हा शंभराहून अधिक वर्षे होऊन गेली होती, त्यामुळे वडापाव त्यांनी पाहिला नाही. त्यांच्या नातवंडांनी गातो-पिमा पावात घातले. ही कल्पना कोणी कोणाची चोरली नाही. फ्रेंच काय, पोर्तुगीज काय, साहेब पाव ठेवून गेला, आणि मागे राहिलेल्याने आपल्या हाताचे तिखट त्यात भरले.

जाता जाता, व्हिएतनामशी आपल्या बाजूच्या समुद्राचे एक जुने नाते आहे, ते फारसे कोणास ठाऊक नाही. फ्रेंच सत्तेला नको झालेले तेथील सम्राट थान्ह थाय आणि त्यांचे पुत्र सम्राट दुय तान यांना १९१६ साली हद्दपार करून पाठविण्यात आले ते आपल्या शेजारच्या रेयुनियों बेटावर. पुत्र १९४५ च्या डिसेंबरात विमान अपघातात गेला, पित्याला १९४७ मध्ये मायदेशी परतता आले. तेव्हा व्हिएतनामी माणसाला आपण अगदीच अनोळखी समजू नये. त्याचे राजे या समुद्रावरच्या वाऱ्यात तीस वर्षे राहून गेले आहेत.

ऑस्ट्रेलियात मात्र व्हिएतनामी माणसे राजे म्हणून आली नाहीत, पाहुणे म्हणूनही नाहीत. ३० एप्रिल १९७५ रोजी सायगाव पडले. २६ एप्रिल १९७६ रोजी ‘किएन जांग’ नावाची एक लाकडी मासेमारीची होडी डार्विनच्या किनाऱ्याला लागली. तिच्यात पाच तरुण होते. नकाशा म्हणून त्यांच्यापाशी शाळेच्या पुस्तकातले एक पान होते. त्यांच्यामागून आणखी होड्या आल्या, आणि होड्यांपेक्षा कितीतरी अधिक माणसे छावण्यांतून विमानाने आली. ज्या देशाने १९०१ साली कायदा करून काळ्या-पिवळ्या माणसाला दार बंद केले होते आणि ते धोरण पुरते सोडले होते १९७३ साली, त्याच देशात ही माणसे पोहोचली. मेलबर्नला त्यांना मरिबिर्नाँग, स्प्रिंगव्हेल येथील वसतिगृहांत उतरविण्यात आले. फुट्सक्रे, सनशाइन, सेंट आल्बन्स, रिचमंड येथे ती स्थिरावली. कारखान्यात पाळी करावी, रात्री घरी शिलाईचे काम घ्यावे, पैसे साठवावेत, आणि मग एक लहानशी बेकरी किंवा नूडलचे दुकान घ्यावे, असा त्यांपैकी कित्येकांचा क्रम. मुले दुकानाच्या मागल्या बाजूस पिठाच्या पोत्यावर बसून शाळेचा अभ्यास करीत. २०२१ च्या जनगणनेत व्हिएतनाममध्ये जन्मलेली अडीच लाखांहून अधिक माणसे ऑस्ट्रेलियात होती. १९७७ साली होडीतून डार्विनला उतरलेले हियू वान ले हे २०१४ ते २०२१ दक्षिण ऑस्ट्रेलियाचे राज्यपाल होते. पॉइंट कुकच्या गाडीवरची ती मुलगी याच वाटेने गेलेल्यांची तिसरी पिढी असेल किंवा परवा-तेरवा विमानाने आलेल्यांची असेल, आम्ही विचारले नाही. रांगेत मागे माणसे होती.

आमच्या वाचकांत माळकरी आहेत, श्रावण पाळणारे आहेत, गोमांस वर्ज्य असलेली तर बहुतेक घरे आहेत. त्यांनी अशा गाडीपुढे काय करावे? ‘फो’ नावाचे प्रसिद्ध सूप मुळात गाईच्या हाडांचे. कोंबडीचेही मिळते, परंतु विचारून घ्यावे. बान मीत डुकराचे मांस व काळजाचा लेप असतो, तो नको म्हटले तर घालीत नाहीत. खरी फसगत होते ती ‘नुओक माम’ने. हे खारविलेल्या माशाचे पाणी. मासे आणि मीठ पिंपात महिनोन् महिने मुरवून त्याचा निथळलेला अर्क काढतात आणि तो चटणीत, सॉसमध्ये, भाजीतही घालतात. पदार्थात मासा दिसत नाही म्हणून तो शाकाहारी समजू नये. पण त्यासाठी त्यांच्या भाषेत एक शब्द आहे, तो लक्षात ठेवावा: ‘चाय’. हा आपला चहा नव्हे. चाय म्हणजे व्रताचे, निरामिष अन्न. बौद्ध घरांत अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे चांद्र महिन्याच्या पहिल्या तिथीला, आणि पौर्णिमेला पुष्कळ लोक चाय खातात. ‘बान मी चाय’ म्हटले की तळलेले टोफू, कधी अळिंबी घालून पाव मिळतो आणि माशाच्या पाण्याऐवजी सोयाबीनचा सॉस. आम्ही हा शब्द खिडकीत उच्चारला तेव्हा त्या मुलीची आई तव्यावरून मान वर करून हसली. उपासाची भाषा सर्वत्र चटकन कळते, असे दिसते.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. त्या गाडीच्या फलकावर आणखी काही पदार्थ होते. एक होता ‘बान सेओ’. तांदळाचे पीठ, नारळाचे दूध, हळद, मीठ. हे पातळ भिजवून तापल्या तव्यावर ओतावयाचे. ओतताना जो चर्र आवाज होतो त्यावरून ‘सेओ’ हे नाव पडले. वाचकहो, हे काय आहे? हे घावन आहे. हळद घातलेले, मधे मोडाच्या मुगांच्या जागी मुगाचे मोड आणि कोळंबी भरून दुमडलेले घावन. दुसरा पदार्थ ‘गोय कुओन’, तांदळाच्या कागदासारख्या पातळ चकतीत पालेभाजी, शेवया व कोळंबी गुंडाळलेली वळी. त्या चकत्या कशा करतात? तांदळाचे पातळ पीठ कापडावर पसरून वाफवितात आणि बांबूच्या चटईवर उन्हात वाळवितात. कोकणात तांदळाच्या फेण्या याहून निराळ्या रीतीने होत नाहीत. पीठ पानावर पसरावे, वाफवावे, उन्हात घालावे, आणि कावळा राखण्यास एका पोराला काठी देऊन बसवावे. सण आला की व्हिएतनामी घरांत चिकट तांदळाच्या पिठाच्या पारीत नारळ-साखरेचे सारण भरून केळीच्या पानात वाफवितात. त्याला मोदकाची कळी नसते, इतकाच भेद. आणि गाडीच्या शेवटच्या कोपऱ्यात चरक होता, त्यातून उसाचा रस निघत होता. ज्यांच्या पणज्याने वाक्वाच्या आणि काळ्या नदीच्या रानात साहेबासाठी ऊस तोडला त्यांनी तो रस बर्फ घालून, आंबट फळ पिळून, पैसे देऊन प्यावा, यात काही गंमत आहे. तो फार चांगला होता हेही सांगितले पाहिजे.

बान सेओ खाताना आमच्याबरोबर दोन तरुण होते. दोघे मॉरिशसमध्ये जन्मलेले, दोघांची आडनावे मराठी. त्यांना आम्ही विचारले, हे घावनासारखे लागते की नाही? ‘घावन’ म्हणजे काय, असे त्यांनी विचारले. बान सेओ, फो, बान मी ही तीनही नावे त्यांना येत होती. या मुलांवर आमचा राग नाही. ज्याने पदार्थ पाहिला नाही, त्याला त्याचे नाव कोठून यावे?

आपल्या घरांतून मराठी बोलणे मागे पडून क्रियोल पुढे आले, याला कित्येक वर्षे झाली. शाळेत मराठी शिकवितात, मोकाच्या महात्मा गांधी संस्थेत शिकवितात, मंडळ्या नाटके करतात, भजने होतात, हे सर्व चांगले आहे आणि ते करणाऱ्यांना आम्ही नमस्कार करतो. परंतु जी मराठी पुस्तकाशिवाय आली, बाजाराची थैली आणि चुलीची फुंकणी घेऊन आली, तिची शेवटची जागा स्वयंपाकघरात होती. तेथे मोदक टिकला, कारण गणपती दरवर्षी येतो आणि त्या दिवशी सरकारी सुटी असते. पोळी टिकली. बाकीचे? पानग्या, घावन, फेण्या, पातोळ्या, शिरवळ्या, आंबोळ्या! आजी गेली की तिच्याबरोबर एकेक नाव जाते. मागे उरते ते सर्व ‘गातो’. तळलेले असो, वाफवलेले असो, गोड असो, तिखट असो, ‘गातो’. डाळपुरी भोजपुरी घरांतून आली आणि नाव घेऊन आली. आज ती साऱ्या बेटाची आहे. बुलेत आणि मीन चिनी दुकानातून आले, आशार-आलुदाही असेच कोठून कोठून आले, आणि आपापले नाव टिकवून आहेत. पोर्ट-लुईच्या बाजारात, कात्र बोर्नच्या किंवा फ्लाकच्या आठवड्याच्या बाजारात मराठी नावाचा एक पदार्थ विकत मागून पाहा. आम्ही पाहिला आहे.

याचे कारण असे की, आपण आपले अन्न घरात आणि देवळात ठेवले. रस्त्यावर नेले नाही. ते नेणे आपल्याला कमीपणाचे वाटले. ‘आपण काय हॉटेल काढणार?’ हे वाक्य आमच्या पिढीतल्या प्रत्येकाने ऐकले असेल. मुलाने सरकारी नोकर व्हावे, शिक्षक व्हावे, बॅरिस्टर व्हावे. तव्यापाशी उभे राहू नये. मळ्यातून सुटून आलेल्या माणसाने मुलाविषयी अशी इच्छा धरली तर त्याला कोण दोष देईल? आणि व्हिएतनामी माणसाने तवा हौसेने धरला नाही हेही विसरू नये. त्याच्यापाशी दुसरे काही नव्हते. होडीतून पदव्यांची कागदपत्रे आणता येत नाहीत, आणली तरी कोणी मानीत नाही. पोटासाठी त्याने जे केले त्यातून त्याच्या भाषेचे दोन शब्द इंग्रजी कोशात गेले. ‘बान मी’ हा शब्द ऑक्सफर्डच्या कोशात २०११ साली घेण्यात आला. ‘फो’ त्याच्या आधीच होता. हे त्याच्या सरकारने केले नाही, परिषदा भरवून झाले नाही.

सरकारने केले तर काय होते, त्याचा अनुभव महाराष्ट्रात आहे. १९९५ साली तेथील सरकारने एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रे गावोगाव काढली. अस्सल मराठी अन्न, अस्सल मराठी नाव, स्वस्त भाव. पाच वर्षांत योजना गुंडाळावी लागली. भाकरी काही वाईट नव्हती. पण एक रुपयात ती परवडत नव्हती, अनुदानावर टेकून उभी होती. आणि केंद्रासाठी मिळालेल्या मोक्याच्या जागेवर भलतेच धंदे सुरू झाल्याच्या तक्रारी होत्या. त्याच रस्त्यावर, त्याच काळात, कोणाच्याही अनुदानाशिवाय वडापाव दिवसेंदिवस जोरात चालला होता.

म्हणून आमच्या मंडळ्यांना आम्ही अनुदान मागा असे सांगत नाही. गणेशचतुर्थीच्या विसर्जनाला समुद्रावर, नदीवर हजारो माणसे जमतात, सर्व जातिधर्मांची. त्यांत भुकेले पुष्कळ असतात. तेथे आज कोण काय विकतो ते आपण पाहतो. एका मंडळीने एक तवा घेऊन उभे राहावे. एकच पदार्थ करावा, घावन, आणि बरोबर नारळाची चटणी. पाटीवर ‘घावन’ असेच लिहावे, देवनागरीत आणि खाली रोमन लिपीत. ‘क्रेप इंडियन’ असले काही लिहू नये. त्या व्हिएतनामी मुलीने बान मीचे भाषांतर केले नव्हते. भाव असा ठेवावा की खर्च निघून दहा पैसे उरतील. फुकट वाटू नये. फुकट मिळालेले माणूस खातो, नाव विचारीत नाही. दोन रुपये मोजले की ‘याला काय म्हणतात’ असे नक्की विचारतो.

यावर दोन आक्षेप येतील, ते ऐकू येऊ लागले आहेत. पहिला, देवाच्या उत्सवात धंदा कशाला? प्रसाद विकू नये हे आम्हांसही मान्य आहे. मोदक विकू नका. घावन हा नैवेद्य नव्हे, ते न्याहारीचे खाणे आहे, आणि मिरवणुकीत बर्फाचा गोळा विकला जातो तेव्हा कोणाची भक्ती कमी झालेली आम्ही पाहिली नाही. दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. करणार कोण? आमच्या भगिनींनी घर, नोकरी, मुलांची शिकवणी सांभाळून आता तव्यापाशीही उभे राहावे काय? हे काम पुन्हा बायकांच्याच अंगावर टाकावयाचे असेल तर ते न झालेलेच बरे. पॉइंट कुकच्या गाडीत पीठ भिजविणारा, पाण्याचे डबे उचलणारा, शेवटी तवा घासणारा माणूस त्या मुलीचा बाप होता. मंडळीचे अध्यक्ष, खजिनदार, चिटणीस यांनी हे काम अंगावर घ्यावे. सभेत बसण्यापेक्षा ते कठीण नाही, आणि शिकता येण्यासारखे आहे. पहिली दहा घावने तव्याला चिकटतील. ती स्वतः खावीत.

स्वच्छतेचा प्रश्न मात्र हसण्यावारी नेऊ नये. उन्हात उघडी ठेवलेली चटणी, एकाच बादलीत धुतलेले हात, हे आपल्याकडच्या विक्रेत्यांत दिसते तसे आपल्या पाटीखाली दिसता कामा नये. नारळाची चटणी दुपारपर्यंत आंबते. ती थोडी थोडी वाटावी, बर्फावर ठेवावी. आधी सांगितलेला पाच अंशांचा नियम ऑस्ट्रेलियाचा असला तरी जंतू सर्वत्र सारखेच.

तिकडे गेलेल्या मुलांविषयी दोन शब्द. स्वातंत्र्याच्या सुमारास आपल्या बेटावरून ऑस्ट्रेलियात गेली ती बहुतेक क्रियोल आणि फ्रेंच वंशाची कुटुंबे. आपली मुले मागाहून, शिकण्यासाठी गेली आणि राहिली. ती परत येतील असे धरून चालणे आम्ही सोडून दिले आहे. बहुतेक आईबापांनीही मनातून सोडले असेल, बोलून दाखवीत नाहीत इतकेच. ती शनिवारी संध्याकाळी गाडीवरचा बान मी आनंदाने खातात, याचे आम्हांस बरे वाटते. परक्या देशात चांगले गरम खाणे मिळणे ही लहान गोष्ट नव्हे. त्यांच्यापैकी एखाद्याला उद्या असे वाटले की आपणही एक गाडी काढावी, तर तिच्या फलकावर काय लिहावयाचे, हे त्याला कोठून कळणार? ते येथून, आपल्या चुलीवरून, आता लिहून पाठविले तरच.

तेव्हा आमच्या वाचक भगिनींना व बांधवांना विनंती आहे. आपल्या घरी तांदळाच्या पिठाचे जे जे होते किंवा आजीच्या वेळी होत असे, त्याचे घरातले नाव आम्हांस कळवा. उच्चार जसा होता तसाच लिहा. पुस्तकात निराळा आहे म्हणून सुधारू नका. कास्काव्हेलमध्ये एक नाव असेल, वाक्वाला दुसरे, सुयाककडे तिसरे. पीठ किती, पाणी किती, नारळ केव्हा घालावयाचा, पान कोणते, तेही कळवा. वाटीने मोजत असाल तर वाटी केवढी तेही सांगा, कारण प्रत्येक आजीची वाटी निराळी असते आणि भांडण तेथेच होते. पत्र मराठीत लिहिता आले नाही तर क्रियोलमध्ये लिहा. पदार्थाचे नाव तेवढे मराठीत राहू द्या. आलेली नावे गणेशचतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात या पानावर छापू.